थेंबाथेंबानं बदलणारं पाणी: फिशटँकला नळाची लाईन जोडताना

माझा टँक २४० लिटरचा आहे आणि त्यात डिस्कस आहेत. हा गरम पाण्यातला मासा, २८ ते ३० अंशांत रमणारा. त्याला खायला भरपूर लागतं, आणि पाणी जुनं झालं की त्याचा रंग काळवंडतो, तो कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. दर आठवड्याला निम्मं पाणी काढायचं आणि तेवढंच भरायचं, म्हणजे १२० लिटर बाहेर आणि १२० लिटर आत. बादल्यांनी हे मी बरीच वर्षं केलं. मग पाठीचं दुखणं सुरू झालं आणि डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली. मासे कोणाला तरी देऊन टाकायचे, नाहीतर पाणी आपलं आपण आत येईल आणि आपलं आपण बाहेर जाईल अशी सोय करायची, एवढेच दोन मार्ग उरले. जानेवारीत ठरवलं आणि मे महिन्यात पाणी सुरू झालं. एवढे महिने कशात गेले ते सविस्तर लिहिते आहे, कारण सुरुवातीला मला नेमकं हेच वाचायला मिळत नव्हतं. फिल्टरांची वर्णनं सगळीकडे सापडतात. पाणी बाहेर कसं न्यायचं, परवानगी कशी मागायची, वेग किती ठेवायचा, यावर मात्र कोणी फारसं बोलत नाही.

कल्पना साधी आहे. नळाचं पाणी फिल्टरमधून अगदी सावकाश टँकमध्ये पडत राहतं, टँकला वरच्या बाजूला एक भोक असतं, जास्तीचं पाणी तिथून बाहेर पडतं. क्लोरीन काढायला औषधाचे थेंब नकोत, बादल्या नकोत.

खरेदीआधी मी कागदावर हिशोब मांडला. थेंबपद्धतीत नवं पाणी जुन्यात मिसळून मग त्या मिश्रणातलं थोडं बाहेर जातं, त्यामुळे ओतलेलं काही नवं पाणीही वाया जातं. टँकभर पाणी, म्हणजे २४० लिटर, थेंबाथेंबानं आत सोडलं तर बदलतं फक्त ६३ टक्के. आठवड्याला निम्मं पाणी खऱ्या अर्थानं बदलायचं असेल तर बादलीपद्धतीत १२० लिटर पुरतात, थेंबपद्धतीत साधारण १६६ लागतात. पाणी जास्त लागतं हे आधीच मान्य करून पुढे जावं.

पण नायट्रेटचा हिशोब मांडला आणि माझा निर्णय झाला. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया येतो, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते पाणी बदलेपर्यंत टँकमध्ये साठत जातं. माझ्या टँकमध्ये नायट्रेट रोज लिटरमागे साधारण ३ मिलिग्रॅमनं चढत होतं, आणि नळाच्या पाण्यातच ५ होतं. आठवड्यातून एकदा निम्मं पाणी बदलताना ते २६ ते ४७ असं वरखाली व्हायचं, आणि तो हेलकावा माशांना दर आठवड्याला सोसावा लागायचा. तासाला २ लिटर म्हणजे दिवसाला ४८ लिटर, टँकच्या २० टक्के. रोजची वाढ ३ आणि बदल २० टक्के, म्हणजे ३ भागिले ०.२, बरोबर १५. त्यात नळाचे ५ मिळवले की २०. नायट्रेट २० वर येऊन तिथेच स्थिरावणार, आज २० आणि पुढच्या महिन्यातही २०. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच. नळाच्या पाण्यातच नायट्रेट ४० असेल तर कितीही थेंब सोडले तरी टँक त्याखाली जाणार नाही, हेही याच गणितात दिसतं.

मग प्रश्न आला, नळातून येतं ते नक्की काय? जंतू मारायला पाण्यात क्लोरीन घालतात, पण काही ठिकाणी त्याऐवजी क्लोरामाईन असतं, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग. क्लोरीन पाणी उघडं ठेवलं की हळूहळू उडून जातं. क्लोरामाईन सहजी उडत नाही, कल्ल्यांतून थेट माशाच्या रक्तात जातं आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी करतं. दोन्हींसाठी फिल्टर वेगळा लागतो. म्हणून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी पाणीपुरवठा विभागाला लेखी अर्ज दिला. त्यात चारच प्रश्न होते: क्लोरीन वापरता की क्लोरामाईन, घरापर्यंत पोहोचताना ते साधारण किती उरतं, कार्बोनेट क्षारता (पाण्याचा पीएच सावरून धरणारे क्षार) किती, आणि वर्षात कधी मात्रा वाढवता का. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. उत्तर यायला महिना लागला. मधे एकदा फोन केला तेव्हा अर्ज प्रयोगशाळेकडे पाठवल्याचं कळलं. तुम्हीही अर्ज देणार असाल तर प्रश्न थोडके आणि आकडी उत्तर येईल असे विचारा. ‘पाणी माशांना चालेल का’ असं विचारलं तर ‘पाणी पिण्यायोग्य आहे’ एवढंच उत्तर येतं.

उत्तराची वाट बघत बसले नाही, डीपीडी गोळ्यांचं चाचणी किट आणलं. पहिली गोळी मोकळं क्लोरीन दाखवते, पुढची गोळी एकूण क्लोरीन. पाणी जितकं गुलाबी तितकं क्लोरीन जास्त. पहिल्या गोळीला माझ्या नळाचं पाणी जवळजवळ बिनरंगीच राहिलं, दुसरी टाकल्यावर ते १ मिलिग्रॅमच्या खुणेपर्यंत गुलाबी झालं. हा फरक म्हणजेच क्लोरामाईन. फेब्रुवारीत विभागाचं पत्र आलं, त्यातही तेच लिहिलं होतं. पिवळा रंग देणारं जुनं थेंबांचं किट फक्त एकूण आकडा सांगतं, त्यावरून हा भेद कळत नाही. तेव्हा खर्च करायचा तर डीपीडीवरच करावा.

घर भाड्याचं आहे, म्हणून पुढची पायरी घरमालकांची. त्यांना तोंडी विचारलं तेव्हा ‘बघू’ म्हणाले. गळती होईल ही त्यांची भीती रास्त होती. मी एका पानावर आकृती काढली: पाणी कुठून घेणार, फिल्टर कुठे बसणार, बाहेर कुठे सोडणार, आणि प्रत्येक सांध्यावर बंद करायची चावी कुठे असेल. खाली लिहिलं की भिंतीत कुठेही भोक पाडणार नाही, काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घेईन आणि घर सोडताना सगळं पूर्ववत करून देईन. त्यांनी दोन अटी घातल्या. लाईनवर प्रेशर रेग्युलेटर बसवायचा, आणि टँकचं पाणी कोणत्याही परिस्थितीत पिण्याच्या लाईनमध्ये उलटं शिरता कामा नये. दुसरी अट माझ्याही मनात होतीच. आत येणारी नळी पाण्यात बुडवायची नाही, पातळीच्या वर चांगली चार बोटं ठेवायची, म्हणजे पुरवठा थांबून लाईनमध्ये ओढ निर्माण झाली तरी ती फक्त हवाच ओढेल. शिवाय एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. सहीचा कागद मार्चच्या सुरुवातीला हातात आला.

आता बाहेर जाणारं पाणी. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त विचार करायची गोष्ट हीच आहे. आत येणारं पाणी थांबलं तर मासे आणखी काही दिवस आरामात राहतात, बाहेर जाणारं तुंबलं तर घरभर पाणी होतं. सायफनवर चालणाऱ्या, कडेला टांगायच्या ओव्हरफ्लो पेट्या मिळतात. त्यांत हवेचा बुडबुडा अडकला की सायफन तुटतो आणि पाणी तुंबतं. इतक्या मंद प्रवाहात बुडबुडे साठण्याची शक्यता जास्त, म्हणून मी तो पर्याय सोडला आणि काचेला भोक पाडायचं ठरवलं.

त्याआधी काच टफन (तापवून कडक केलेली) आहे का ते बघावंच लागतं, कारण टफन काचेला ड्रिल लागलं की तिचा चुरा होतो. बऱ्याच टँकचा फक्त तळ टफन असतो, बाजू साध्या असतात. तपासायची रीत अशी: काचेच्या मागे लॅपटॉपची एलसीडी स्क्रीन पूर्ण पांढरी करून ठेवायची आणि पुढून पोलराइज्ड गॉगल डोळ्यासमोर धरून फिरवायचा. स्क्रीन गॉगलमधून काळी दिसू लागते त्या स्थितीत टफन काचेत गडद-फिकट पट्टे किंवा ठिपके उमटतात, साधी काच एकसारखी दिसते. माझी मागची काच साधी निघाली.

मासे छोट्या टँकमध्ये हलवले, मोठा रिकामा केला आणि काचकाम करणाऱ्या कारागिरांना बोलावलं. हिऱ्याची कड असलेला गोल ड्रिल, कमी वेग, सतत पाण्याची धार, आणि मागून चिकटपट्टी, म्हणजे कापलेली चकती खाली पडून काच तडकत नाही. भोक काचेच्या कडेपासून निदान त्याच्या व्यासाइतकं आत हवं. प्रत्यक्ष काम पंधरा मिनिटांचं, पण ती पंधरा मिनिटं मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले होते. भोकात रबरी वॉशरचा टँक कनेक्टर बसवला, वॉशर आतल्या बाजूनं. बाहेरचा पाइप एक इंचाचा घेतला. तासाला २ लिटर पाण्यासाठी एवढा पाइप लागत नाही, पण गोगलगाय किंवा झाडाचं पान अडकलं तरी वाट मोकळी राहते. तोंडावर जाळी आहे, पाइपला सलग उतार आहे. पाणी आधी एका पिंपात जातं आणि पिंप भरला की बाथरूमच्या मोरीत. पिंपातलं पाणी झाडांना घालते. नायट्रेट असल्यानं झाडांना ते मानवतं, आणि जास्त पाणी लागत असल्याची माझी टोचणीही त्यामुळे बरीच कमी झाली.

एप्रिलमध्ये फिल्टरांची खरेदी. आरओ मी मुद्दाम घेतला नाही. आरओ क्षारताच काढून टाकतो, आणि क्षारता नसलेल्या पाण्यात पीएच कधी कोसळेल सांगता येत नाही. शिवाय त्यात बरंच पाणी फेकलं जातं. माझ्या नळाची कार्बोनेट क्षारता ४ ते ५ डिग्री आहे, ती मला हवीच होती. त्यामुळे १० इंची तीन हाऊसिंग (फिल्टरची भांडी) घेतली: पहिल्यात ५ मायक्रॉनचा सेडिमेंट, म्हणजे गाळ अडवणारा फिल्टर, पुढच्या दोन्हींत कॅटॅलिटिक कार्बन. साधा कार्बन क्लोरीनचं काम पटकन करतो, क्लोरामाईन फोडायला त्याला फार वेळ लागतो. कॅटॅलिटिक कार्बन ते काम जास्त वेगानं करतो. कार्ट्रिजच्या पाकिटावर एनएसएफ ४२ असा शिक्का दिसला की समाधान मानू नका. ते प्रमाण पाण्याची चव आणि वास यांसाठी आहे आणि त्यात क्लोरीन निम्मं कमी झालं तरी चालतं. माणसाला तेवढं पुरतं, माशाला शून्य लागतं.

ते शून्य मिळतं वेगामुळे. पिण्याच्या नळाला लावलेला फिल्टर मिनिटाला २ लिटर पाणी देतो असं धरा. माझ्याकडे तासाला २ लिटर जातात, म्हणजे पाणी कार्बनच्या सहवासात साठपट जास्त वेळ राहतं. त्याच कार्ट्रिजकडून कितीतरी चोख काम होतं. घरगुती फिल्टर टँकला चालतील का, असं मला विचारणाऱ्यांना मी आधी त्यांचा वेग विचारते.

कार्ट्रिज घेताना आणखी दोन गोष्टी बघा. काही घरगुती कार्बनमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून चांदी असते, आणि चांदी मासे व कोळंबीला अगदी कमी प्रमाणातही घातक. आणि क्षार साचू नयेत म्हणून लावतात त्या पांढऱ्या खड्यांच्या कार्ट्रिजमधून फॉस्फेट पाण्यात उतरतं, ते टँकमध्ये शेवाळाला आमंत्रण. दोन्ही टाळा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर पाकिटावरचा मजकूर पूर्ण वाचा.

वेग ठरवायला मी सुईचा व्हॉल्व्ह न वापरता ठिबक सिंचनाचा तासाला २ लिटरचा, दाब सांभाळून घेणारा ड्रिपर लावला. सुईचा व्हॉल्व्ह आज नीट बसवला तरी पुढच्या आठवड्यात किंचित कचरा अडकून मंदावतो. हा ड्रिपर लाईनचा दाब कमीजास्त झाला तरी जवळपास तेवढंच पाणी देतो. संपूर्ण सामानात ही सर्वांत स्वस्त वस्तू. सर्वांत महाग पडला प्लंबर आणि त्याखालोखाल काचेचं काम. ड्रिपरच्या आधी, आरओ यंत्रात असतो तसा मिनिटाला ३०० मिलिलिटरचा फ्लो रिस्ट्रिक्टर घातला. ड्रिपर कधी निसटलाच तर पाणी तासाला १८ लिटरपेक्षा वेगानं येणार नाही, आणि एक इंची पाइप तेवढं सहज वाहून नेतो. हाऊसिंगखाली ट्रे आणि पाणी लागलं की वाजणारा छोटा अलार्म. दाबाचा रेग्युलेटर ४० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप).

नवा कार्बन आधी काळं पाणी सोडतो. ड्रिपर काढून, पाणी पूर्ण स्वच्छ येईपर्यंत मोरीत सोडलं. मग ड्रिपर लावून एक दिवस पाणी नुसत्या बादलीत पडू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डीपीडी चाचणी घेतली. दोन्ही गोळ्यांना पाणी बिनरंगी! मला मनापासून आनंद झाला.

लगेच अमोनियाची चाचणी घेतली आणि किट हिरवट झालं, ०.२५. अमोनिया माशांना विषारी, त्यामुळे धस्स झालं. पण याला उत्तर आहे, आणि क्लोरामाईनवाल्या सगळ्यांनी ते समजून घ्यावं. कार्बन क्लोरामाईन फोडतो तेव्हा क्लोरीनचं निरुपद्रवी क्लोराईड होतं, पण अमोनिया पाण्यातच उरतो. १ मिलिग्रॅम क्लोरामाईनमागे साधारण ०.२ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन, म्हणजे किटवर सुमारे ०.२५. दिवसाला २० टक्के पाणी म्हणजे टँकमध्ये त्यातला लिटरमागे ०.०४ मिलिग्रॅम एवढाच जाणार, तोही चोवीस तासांत विभागून. माझे मासे रोज जे ३ मिलिग्रॅम नायट्रेट वाढवतात त्यामागे ०.७ च्या आसपास अमोनिया-नायट्रोजन असतो. नळाचा वाटा त्याच्या सहा टक्के. मुरलेला जैविक फिल्टर, म्हणजे ज्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वसले आहेत असा, एवढं सहज पचवतो. तरीही टँकमधली चाचणी पहिले पंधराएक दिवस रोज घेतली, ती शून्यच आली. टँक नवा असेल, जिवाणू बसलेले नसतील, तर मात्र थांबा.

मे महिन्याच्या मध्यात मासे परत मोठ्या टँकमध्ये आले आणि थेंब सुरू झाले. तेव्हा आणखी एक काळजी होती. जुन्या, कमी बदललेल्या पाण्यात क्षारता संपत येते आणि पीएच खाली जातो. माझा ६.६ होता, नळाचा ७.५. कमी पीएचमध्ये अमोनिया बहुतेक निरुपद्रवी रूपात असतो, पीएच चढला की त्यातला विषारी भाग वाढतो. म्हणून सुरू करण्याआधी टँकमधला अमोनिया शून्य आहे याची खात्री केली आणि पहिले काही दिवस टायमरवर दिवसातून काही तासच पाणी सोडलं. पीएच दोन आठवड्यांत ७.३ च्या आसपास येऊन थांबला. माशांनी खाणं एकदाही सोडलं नाही. नायट्रेट जूनच्या पहिल्या आठवड्यात २० वर आलं. कागदावर लिहिलेला आकडा चाचणीच्या नळीत दिसला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

जुलैत जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहणार अशी सूचना आली. अशा वेळी फिल्टरआधीची चावी बंद करायची, आणि पुरवठा सुरू झाल्यावर दुसऱ्या नळातून गढूळ पाणी जाऊ द्यायचं. दुरुस्तीनंतर जंतुनाशकाची मात्रा वाढवलेली असू शकते, म्हणून नळाची डीपीडी चाचणी घ्यायची, मगच चावी उघडायची. त्या दिवशी नळाचा आकडा नेहमीपेक्षा दुप्पट होता. फिल्टरनं तोही शून्यावर आणला असता बहुधा, पण मी आणखी एक दिवस थांबले.

थंडीत हीटर पुरेल का ही शंका मला बऱ्याच जणांनी विचारली आहे. एक लिटर पाणी एक अंश तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. डिसेंबरात नळाचं पाणी १६ अंश, टँक २८, फरक १२. तासाला २ लिटर म्हणजे सुमारे २८ वॉटचा जादा भार. ३०० वॉटच्या हीटरला तो जाणवतही नाही. थेंब जिथे पडतो तिथे मात्र प्रवाह हवा, म्हणजे गार पाणी एका जागी साचत नाही. माझी नळी फिल्टरच्या परतीच्या धारेवर थेंब टाकते. वरून थेंबाथेंबानं पडल्यामुळे थंड, दाबाखालच्या पाण्यात विरघळलेली जादा हवाही निघून जाते.

आता देखभालीचं. दोन कार्बनच्या मधे मी एक छोटी तोटी ठेवून घेतली आहे. दर रविवारी तिथलं पाणी डीपीडीनं तपासते. तिथे गुलाबी झाक दिसली की पहिला कार्बन थकला, मग दुसरा पहिल्याच्या जागी आणि नवा दुसऱ्याच्या जागी. माशांपर्यंत काही पोहोचायच्या आत आठवडाभर हाताशी असतो. गुलाबी दिसलं नाही तरी सहा महिन्यांनी बदलते, कारण क्लोरामाईन निघून गेलेल्या पाण्यात कार्बनवर जिवाणू वाढतात. सेडिमेंट तपकिरी दिसला की बदलायचा. ओव्हरफ्लोची जाळी दोन दिवसांनी बोटानं पुसायची, आणि महिन्यातून एकदा मापाच्या भांड्यात ड्रिपरचं तासाभराचं पाणी मोजायचं. मध्यंतरी ते दीड लिटरवर आलं होतं, ड्रिपर बदलला, झालं.

टँकमध्ये झाडं असतील तर खत रोज द्यावं लागेल, कारण रोजच्या रोज त्यातलं २० टक्के वाहून जातं. आणि औषध किंवा मीठ घालायचं असेल तेव्हा आधी चावी बंद करा. मी चावीला एक लाल चिठ्ठी बांधून ठेवली आहे, औषध घातल्याची तारीख तिच्यावर लिहिते, म्हणजे घरातलं दुसरं कोणी चावी उघडणार नाही.